बलुत्याची विळी आणि साकाईची सुरी

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील निघोजे हे इंद्रायणीच्या खोऱ्यातले गाव आज चाकण औद्योगिक क्षेत्राचा भाग म्हणून ओळखले जाते. निघोजे, महाळुंगे आणि खराबवाडी या गावांच्या शिवारात उभारलेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले, पुढच्याच वर्षी निघोज्यात महिंद्र समूहाचा वाहननिर्मिती प्रकल्प सुरू झाला, आणि बाजरी-कांद्याच्या या मुलखात पोलादी पत्र्याची भेंडोळी, साचे आणि कापणीयंत्रांची पाती यांची रात्रंदिवस ये-जा होऊ लागली. पोलाद कापण्याचे, त्याला कठीणपणा आणण्याचे आणि ते घासून तासण्याचे जे प्रकार विसाव्या शतकात रूढ झाले, त्यांपैकी बहुतेक भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कोठे ना कोठे चालतात. असे असूनही या पट्ट्यातील स्वयंपाकघरात भाजी चिरण्यासाठी जे पाते वापरले जाते ते बहुधा बाजारातून आणलेल्या विळीचे किंवा ठशाने कापलेल्या पातळ पत्र्याच्या सुरीचे असते. आणि ज्या हौशी किंवा व्यावसायिक स्वयंपाक्याला खरोखर उत्तम सुरी हवी असते, तो हातघडणीच्या जपानी सुरीची चौकशी करतो. ज्या दख्खनचे पोलाद एकेकाळी लंडनच्या सुरीकाराला भुरळ घालत होते, तेथे हे असे का घडले, याचे उत्तर धातुशास्त्रापेक्षा समाजाच्या आणि बाजाराच्या इतिहासात अधिक सापडते.

प्रथम, जिला जपानी सुरी म्हणतात ती कशी असते हे पाहणे आवश्यक आहे. पारंपरिक जपानी सुरीत दोन धातू असतात: पात्याचे अंग मऊ लोखंडाचे आणि धारेचा भाग कठीण, अधिक कर्बयुक्त पोलादाचा, हे दोन्ही भट्टीत तापवून आणि ठोकून एकजीव केलेले असतात. मासे कापण्याची ‘देबा’, कच्च्या माशाचे पातळ काप काढण्याची लांब ‘यानागिबा’ आणि भाजीची ‘उसुबा’ या सुऱ्यांना धार एकाच बाजूने उतरती असते आणि दुसरी बाजू जवळजवळ सपाट, किंचित खोलगट ठेवलेली असते, त्यामुळे कापलेला पदार्थ पात्याला चिकटत नाही आणि काप कागदासारखा निघतो. धातूचा कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर अशा सुऱ्या साधारण ६० ते ६४ अंश भरतात, तर नेहमीच्या युरोपीय सुऱ्या ५६ ते ५८ च्या आसपास असतात. कठीण धार पातळ करता येते आणि ती दीर्घकाळ टिकते, पण हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर आदळली तर तिचा टवका उडतो. हा शेवटचा मुद्दा पुढे विळीची चर्चा करताना महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रातील लोखंडाचा इतिहास जपानपेक्षा जुना आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, आणि विदर्भातील महापाषाणयुगीन लोक कुऱ्हाडी, छिन्न्या व खंजीर घडवीत होते हे त्यावरून स्पष्ट झाले. पुढे दक्षिणेत आणि दख्खनच्या पूर्व भागात मुशीतील पोलाद तयार करण्याची पद्धत विकसित झाली. लोखंडाचे तुकडे, लाकडाचे कपटे आणि पाने मातीच्या मुशीत घालून, तिचे तोंड लिंपून, ती तासन्तास तापविली की लोखंड कर्ब शोषून वितळे आणि थंड झाल्यावर मुशीच्या तळाशी पोलादाचा लहान गोळा मिळे; त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा एक ते दीड किंवा त्याहून थोडे अधिक असे. निजामाबाद परिसरातील कोनसमुद्रम् येथून हे पोलाद नेण्यासाठी इराणी व्यापारी येत असत. युरोपीय ग्रंथांत ते ‘वुट्झ’ या नावाने ओळखले जाते.

या पोलादाचा स्वयंपाकघरातल्या नाही, पण सुरीच्याच इतिहासाशी थेट संबंध जोडणारा प्रसंग १७९४ साली मुंबईत घडला. तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे या पोलादाचे नमुने पाठविले. त्यांचे रासायनिक परीक्षण जॉर्ज पिअर्सन यांनी केले आणि त्यांचा निबंध १७९५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे, वास्तविक मुंबई हे केवळ ते पाठविण्याचे बंदर होते. बँक्स यांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या लंडनमधील सुरीकाराने त्या गोळ्याच्या तुकड्यापासून एक लहान चाकू घडविला. हे पोलाद फार तापविले तर घणाखाली भुगा होते, म्हणून त्याला ते अंधाऱ्या जागीच दिसेल इतक्या मंद लाल तेजावर ठेवून ठोकावे लागले. काम कष्टाचे होते, तरी चाकूची धार त्या वेळच्या उत्तम इंग्रजी पोलादाच्या तोडीची निघाली, आणि पुष्कळ कामांसाठी हे पोलाद इंग्लंडमधल्या कोणत्याही पोलादापेक्षा सरस आहे असे मत त्याने दिले. पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर त्याने या हिंदुस्थानी पोलादाची शिफारस छापली. याच स्टोडार्टने १८१९ नंतर, लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरेडेला बरोबर घेऊन पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दख्खनच्या मुशीचे गुपित उकलण्याच्या खटपटीतून युरोपातील मिश्रपोलादाच्या अभ्यासाला चालना मिळाली.

या प्रकरणात लंडनच्या सुरीकाराचे नाव, दुकान आणि जाहिरात इतिहासात राहिली. मुशीवर बसलेल्या एकाही कारागिराचे नाव कोणी नोंदविले नाही. शिवाय हे पोलाद प्रामुख्याने तलवारीसाठी आणि निर्यातीसाठी होते. मराठेशाहीतील सरदारांची पसंती तर अनेकदा ‘फिरंग’ म्हणजे युरोपातून आलेले सरळ लांब पाते देशी मुठीत बसवून केलेल्या तलवारीकडे असे, त्यामुळे परदेशी पात्याचे आकर्षण ही काही अलीकडची गोष्ट म्हणता येत नाही. १६६० साली शायिस्ताखानाच्या वेढ्याविरुद्ध फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने लढविला, त्या काळात या भागात शस्त्रे घडविणाऱ्या, त्यांना पाणी देणाऱ्या आणि त्यांची धार राखणाऱ्या शिकलगारांना काम होतेच. पण हे काम दरबार आणि फौज यांच्याभोवती बांधलेले होते. गावचा लोहार वेगळ्याच व्यवस्थेत जगत होता.

ती व्यवस्था म्हणजे बलुतेदारी. गावाच्या शेतीला आणि संसाराला लागणारी कामे वंशपरंपरेने करणारे कारागीर व सेवक म्हणजे बलुतेदार. त्यांना प्रत्येक कामाचे दाम न मिळता सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा, म्हणजे बलुते, मिळत असे. पेशवाई संपल्यानंतर लगेच, १८१९ च्या सुमारास, पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी करणारे डॉ. टॉमस कोट्स आणि त्यानंतर जवळजवळ शतकाने, १९१५ मध्ये, ‘गावगाडा’ लिहिणारे त्रिंबक नारायण आत्रे या दोघांनीही ही रचना सविस्तर नोंदविली आहे. लोहाराने नांगराचा फाळ, कुळवाची फास, विळे, खुरपी, कुऱ्हाडी यांची वर्षभर डागडुजी करायची, बोथट झालेला फाळ तापवून ‘शेवटून’ म्हणजे टोक पुन्हा ठोकून द्यायचा, आणि लोखंड व कोळसा बहुधा कुणब्यानेच आणायचा, असा साधारण रिवाज होता. या रचनेत लोहाराची भाकरी पक्की होती, पण त्याने एखादे पाते अधिक चांगले घडविले म्हणून त्याचे बलुते पायलीभरही वाढत नव्हते. गिऱ्हाईक ठरलेले, मोबदला ठरलेला आणि शेजारच्या गावात जाऊन काम धरणे हा तिथल्या वतनदाराच्या हक्कावर घाला, अशा स्थितीत पात्यावर आपली खूण उठविण्याचे कारण कोणाला पडावे? बलुतेदारीचे गोडवे गाणाऱ्यांनी ही बाजू फारशी पाहिलेली नाही.

गावोगाव हिंडणारा घिसाडी या चौकटीबाहेर होता. बैलगाडीत संसार आणि ऐरण घेऊन, रस्त्याच्या कडेला भाता मांडून, पुरुषाने सांडशीने तापलेले लोखंड धरायचे आणि बाईने घण घालायचा, अशी त्यांची काम करण्याची पद्धत. आठवडी बाजारात विळे, खुरपी, उलथणी आणि विळीची पाती विकून त्यांना रोख पैसे मिळत. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर स्वतःच्या नावाचा माल विकण्याची संधी या फिरस्त्या लोहाराला होती. परंतु जो माणूस पुढच्या वर्षी त्याच गावात येईल याची शाश्वती नाही, त्याच्या नावाला बाजारात किंमत येत नाही. घिसाडी आज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत.

मराठी स्वयंपाकघराचे मुख्य पाते म्हणजे विळी. लाकडी पाटावर उभे बसविलेले वक्र पाते, त्याच्या टोकाला नारळ खवण्यासाठी दातेरी चकती, आणि पाट पायाने किंवा गुडघ्याने दाबून जमिनीवर बसणारी स्त्री, असे हे हत्यार आहे. सुरीत पाते फिरते आणि भाजी स्थिर असते. विळीत पाते स्थिर राहते आणि दोन्ही हातांत धरलेली भाजी त्यावर सरकते. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे कोबी बारीक चिरणे, गवार मोडणे, फणस फोडणे आणि मासळी साफ करणे ही एकमेकांहून फार भिन्न कामे एकाच पात्यावर होतात. त्यामुळेच विळीच्या पोलादाकडून अपेक्षा वेगळी राहिली. लाल भोपळ्याची साल, सुरणाचा गड्डा, सुरमईचा कणा हे सगळे झेलणारे पाते फार कठीण असून चालत नाही, त्याला चिवटपणा हवा; धार जरा लवकर गेली तरी दगडावर चार वेळा घासून परत येते, पण टवका उडालेले पाते टाकून द्यावे लागते. लोहार पात्याला पाणी पाजताना, म्हणजे लालभडक पाते पाण्यात बुडवून कठीण करताना, ते पूर्ण थंड होऊ न देता बाहेर काढी आणि अंगातली उरलेली उष्णता धारेकडे सरकताना पिवळा, तांबूस आणि निळा असे जे रंग उमटतात त्यांवर नजर ठेवून पुन्हा बुडवी. निळ्याकडे झुकलेला रंग म्हणजे चिवट पाते, फिकट पिवळा म्हणजे कठीण आणि ठिसूळ. जपानी लोहार हेच काम मंद उजेडाच्या कार्यशाळेत पोलादाच्या लालीवर नजर ठेवून करतो, आणि स्टोडार्टनेही अंधारात ते तेज ओळखले होते. कौशल्याचा पाया तिन्ही ठिकाणी एकच होता. देशी लोहारालाही मऊ लोखंडाच्या कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलादाची पट्टी जोडण्याची रीत ठाऊक होती, म्हणजे दोन धातूंचे पाते ही जपानची खास मालकी नाही.

साकाई या ओसाकाजवळच्या बंदराची गोष्ट मात्र वेगळ्या वळणाने गेली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मार्गाने जपानमध्ये तंबाखू आली, आणि तिची पाने केसासारखी बारीक चिरण्यासाठी लागणारे पाते साकाईच्या लोहारांनी घडविले. तोकुगावा राजवटीने या तंबाखूच्या सुरीला गुणवत्तेचा शिक्का आणि विक्रीची मक्तेदारी दिली, त्यामुळे साकाईचे पाते म्हणजे खात्रीचे पाते अशी समजूत देशभर पसरली. तेथे काम वाटलेले होते: एक जण पाते ठोके, दुसरा केवळ धार काढी, तिसरा मूठ बसवी, आणि घाऊक व्यापारी तयार सुरी आपल्या नावाने गावोगाव विके. ठोकणाऱ्याचे नाव तेथेही पुष्कळदा मागेच राहिले, हे न विसरता सांगितले पाहिजे. परंतु गावाचे आणि पेढीचे नाव पात्यावर कोरले गेल्यामुळे वाईट मालाचा दोष आणि चांगल्या मालाचा लौकिक दोन्ही कोणाच्या तरी नावावर जमा होत होते. केवळ धार लावण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणारा माणूस एकाच कामात जी बारकाई गाठतो, ती फाळ, कुऱ्हाड आणि बैलगाडीची धाव असे सगळे एकट्याने पाहणाऱ्या गावलोहाराला गाठता येणे कठीणच होते.

साकाईच्या पाठोपाठ तलवारींचा प्रश्न येतो, आणि येथे दोन देशांची तुलना आपोआप उभी राहते. जपानमध्ये तोयोतोमी हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडून शस्त्रे काढून घेतली होती, आणि २८ मार्च १८७६ रोजी मेइजी सरकारने सैनिक व पोलीस वगळता सामुराईंनाही तलवार लावून फिरण्यास मनाई केली. शेकडो वर्षांचा धंदा एका हुकमाने कोसळला आणि तलवारी घडविणारे अनेक हात विळे, कात्र्या व स्वयंपाकाच्या सुऱ्यांकडे वळले. सुदैवाने त्याच सुमारास या सुऱ्यांना नवे काम मिळाले. सम्राट मेइजी गोमांस खातात ही वार्ता १८७२ मध्ये जाहीर झाली, मांसाहारावरचे जुने निर्बंध सैल पडले, आणि युरोपीय सुरीच्या घाटावर ‘ग्यूतो’ ही दोन्ही बाजूंनी धार असलेली सुरी जपानी पोलादात घडविली जाऊ लागली. भाजी, मासे आणि मांस या तिन्हींसाठी चालणारी ‘सांतोकू’ ही घरगुती सुरी दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी पसरली. युद्धात हरल्यावर आलेल्या अमेरिकी ताब्याच्या काळात तलवारींवर पुन्हा बंदी आली, तेव्हाही काही लोहारांना हाच आसरा मिळाला.

हिंदुस्थानात १८१८ नंतर पेशव्यांची फौज विखुरली आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रास्त्र कायदा आला, म्हणजे जपानी बंदीनंतर अवघ्या दोन वर्षांनी. धनंजयराव गाडगीळांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या औद्योगिक विकासावरील ग्रंथात, दरबारांच्या अस्ताबरोबर शहरी कारागिरांचा आधार तुटला, तर गावातले कारागीर तुलनेने हळूहळू खचले, असे प्रतिपादन केले आहे. शस्त्रकारांना ते तंतोतंत लागू पडते. पुण्यातला शिकलगार तलवारीऐवजी कात्र्या-सुऱ्यांना धार लावू लागला, पण त्या कात्र्या-सुऱ्या बऱ्याच वेळा इंग्लंडमधल्या शेफील्डहून आलेल्या असत. जपानच्या सरकारने आपल्या कारागिराचे शस्त्र काढून घेतले तरी बाजार त्याच्याच हाती ठेवला. येथे शस्त्र आणि बाजार दोन्ही एकाच वेळी गेले. देशी लोखंड गाळण्याचा उद्योगही एकोणिसाव्या शतकातच मावळला: महाबळेश्वरच्या डोंगरात लोखंड गाळणारे धावड, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावरचे निर्बंध आणि स्वस्त विलायती लोखंड या दोन्हींच्या कात्रीत सापडले. त्यानंतरचा महाराष्ट्रातला लोहार आपले पोलाद स्वतः निवडू शकत नव्हता. जे भंगार मिळेल त्यावर त्याला भागवावे लागे.

मात्र हे भंगारच पुढे त्याचे भांडवल ठरले, आणि या ठिकाणी पिंपरी-चिंचवडचा परिसर इतिहासात शिरतो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेला दख्खनी खेड्याचा प्रसिद्ध अभ्यास पिंपळे सौदागर या गावाचा आहे, जे आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामावले आहे. जमिनीचे लहान लहान तुकडे आणि कर्जाचे ओझे यांमुळे गावातील माणसे पोटासाठी बाहेर, विशेषतः खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, कामाला जातात असे त्यांना आढळले. १८६९ मध्ये सुरू झालेला तो कारखाना म्हणजे या पट्ट्यातील पोलादी मजुरीचा पहिला मोठा टप्पा. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्कोचा मालमोटारींचा कारखाना आला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि नव्वदच्या दशकापासून उद्योगांचा विस्तार चाकणकडे सरकला.

मालमोटारीच्या चाकांवर भार पेलण्यासाठी पोलादी पट्ट्यांची जी चळत असते तिला कामगार ‘पाटा’ किंवा ‘कमान’ म्हणतात. या पट्ट्यांच्या पोलादात शेकडा अर्धा ते पाऊण इतका कर्ब आणि त्याबरोबर सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच ते घडविलेले असल्यामुळे त्याला चिवटपणा उपजत असतो. मोडका पाटा भंगारात आला की लोहार त्यातून उसाचा कोयता, कुऱ्हाड किंवा विळीचे पाते काढतो, आणि ते पाते एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक गावठी पात्यांपेक्षा धातूच्या दृष्टीने चांगले असते, हे मान्य करावे लागते. जुनी कानस याहून कठीण, शेकडा एकच्या वर कर्ब असलेली. तिची सुरी जपानी धारेच्या जवळ जाते, पण तिला योग्य तापमानाला परत तापवून थोडी मऊ केली नाही तर ती दगडावर पडताच तुटते. बेअरिंगच्या कड्यांतही उत्तम पोलाद मिळते. अशा प्रकारे ज्या पट्ट्यात मोटारी जुळविल्या जातात, तेथील लोहाराला मोटारीचाच टाकाऊ भाग पोलाद म्हणून मिळाला. फक्त कोणता तुकडा कोणत्या जातीचा, हे त्याला कागदावर कधी कळले नाही, ठिणगीच्या फुलोऱ्यावरून आणि घणाच्या आवाजावरून ओळखावे लागले.

याच काळात विळीचे स्थानही ढळले. मुंबईत १९५५ मध्ये बर्मा शेलने स्वयंपाकाचा वायू सिलिंडरमध्ये विकायला सुरुवात केली, शहरी घरांत उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला, आणि जमिनीवर बसून चिरण्याची सवय सुटू लागली. ओट्याला स्क्रूने अडकविण्याच्या आणि घडी घालून ठेवण्याच्या विळ्या निघाल्या, पुण्याच्या तुळशीबागेत त्या आजही मिळतात, पण उभ्याने विळी वापरणे ही मुळात तडजोडच. तिची जागा घेणारी सुरी स्टेनलेस पोलादाची होती. हॅरी ब्रियर्ली याने १९१३ मध्ये शेफील्डला हे न गंजणारे पोलाद शोधले आणि त्याचा पहिला मोठा उपयोग जेवणाच्या सुऱ्यांसाठीच झाला. आंबट चिंच, कोकम आणि लिंबू यांनी काळ्या पडणाऱ्या विळीला कंटाळलेल्या घरांना ते वरदान वाटले. स्वस्त स्टेनलेस सुरी गंजत नाही, पण तिच्यात कर्ब कमी असल्याने धार टिकत नाही, आणि धारवाला दारावर येणे बंद झाल्यानंतर मराठी शहरी स्वयंपाकघर बऱ्याच अंशी बोथट पात्यांवर चालू लागले. टोमॅटो कापताना चिरडतो तेव्हा दोष टोमॅटोचा नसतो, एवढे येथे नमूद करणे पुरे.

जपानने त्याच दशकांत आपल्या लोहारकामाला राजाश्रय दिला. पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी तेथे १९७४ मध्ये कायदा झाला, एचिझेन येथील घडीव पात्यांना १९७९ मध्ये आणि साकाईच्या पात्यांना १९८२ मध्ये त्याखाली मान्यता मिळाली. तलवारीसाठी लागणारे ‘तामाहागाने’ हे वाळूच्या लोखंडापासून केलेले पोलाद पुन्हा तयार करता यावे म्हणून शिमाने प्रांतातील जुन्या पद्धतीची भट्टी १९७७ मध्ये नव्याने पेटविण्यात आली. आजच्या बहुतेक सुऱ्या मात्र त्या पोलादाच्या नसतात. शिमानेतीलच यासुगी येथील आधुनिक कारखान्याचे ‘शिरोगामी’ म्हणजे जवळजवळ निव्वळ कर्बपोलाद आणि टंगस्टन व क्रोमियम मिसळलेले ‘आओगामी’ ही त्यांची नेहमीची सामग्री आहे. हातघडणीच्या सुरीमागे एक अद्ययावत पोलाद कारखाना उभा आहे, ही गोष्ट जपानी परंपरेच्या कौतुकात अनेकदा झाकली जाते.

चाकणच्या दृष्टीने हीच बाब मोलाची आहे. येथील साचे बनविणारे कारखाने जे हत्यारी पोलाद नित्य वापरतात, त्यातील ‘डी-टू’ नावाच्या जातीत सुमारे दीड टक्का कर्ब आणि बारा टक्के क्रोमियम असते व तिच्या सुऱ्या जगभर बनतात. निर्वात भट्टीत अंशाच्या हिशेबाने तापमान राखणारे व्यवसाय भोसरी-चाकण भागात आहेत. आणि जपानी उत्पादनपद्धतीशी तर येथील कामगाराचा रोजचा परिचय आहे. बजाजने कावासाकीशी केलेल्या तांत्रिक सहकार्यापासून २०१३ मध्ये चाकणला सुरू झालेल्या ब्रिजस्टोनच्या टायर कारखान्यापर्यंत जपानी कंपन्यांचे येणे-जाणे या पट्ट्याने पाहिले आहे, ‘कायझेन’ म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा हा शब्द येथील कारखान्यांच्या भिंतींवर मराठी अक्षरांत लिहिलेला असतो, आणि जपानी भाषा शिकणाऱ्यांची पुण्यात मोठी परंपरा आहे. पोलाद, उष्णतेची प्रक्रिया, घासण्याची यंत्रे आणि शिस्त या चारही गोष्टी या एकाच पट्ट्यात मिळत असताना येथे साकाईच्या तोडीची सुरी घडविण्यात धातूची कोणतीही अडचण उरलेली नाही.

उणीव आहे ती मधल्या दुव्यांची. ठोकणारा लोहार, केवळ धार काढणारा कसबी आणि पात्यावर आपले नाव घालून त्याची जबाबदारी घेणारा व्यापारी, ही साखळी साकाईत तंबाखूच्या सुरीपासून चालत आली; पुणे जिल्ह्यात बलुतेदारीने ती निर्माण होऊ दिली नाही, वसाहती बाजाराने तिची गरज संपविली आणि कारखानदारीने लोहाराच्या मुलाला ऐरणीवरून उठवून पाळीच्या नोकरीवर नेले. या शेवटच्या बदलाबद्दल हळहळ व्यक्त करणे सोपे आहे, परंतु त्या मुलाला मिळालेला महिन्याचा पगार त्याच्या आजोबाच्या बलुत्यापेक्षा भरवशाचा होता आणि जातीने ठरविलेल्या कामातून त्याची सुटका झाली, हे नजरेआड करता येणार नाही. म्हणून यापुढे या पट्ट्यात हातघडणीच्या सुऱ्यांचा व्यवसाय उभा राहिलाच, तर तो जुन्या लोहारआळीचे पुनरुज्जीवन म्हणून टिकणार नाही. साचेकाम आणि उष्णतेची प्रक्रिया शिकलेला, पात्याचा पुरा भाव मागणारा आणि त्यावर स्वतःचे नाव कोरणारा कारागीरच तो चालवू शकेल, आणि त्याने घडवायचे पहिले पाते सांतोकूची नक्कल असण्यापेक्षा उत्तम पोलादाची विळी असणे अधिक सयुक्तिक ठरेल.